संघटना कुणाची? साउथ वेल्सच्या खाणकामगार फेडरेशनची गोष्ट

(बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवून केलेलं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)

मागच्या वेळी आपण वाफेच्या इंजिनाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की इंजिन कुणी शोधलं ते कळलं, पण त्याच्या भट्टीत घालायचा कोळसा कोण काढत होतं? आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात मात्र मी कोळशापासून करणार नाही. उसापासून करतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना 'काटा मारणं' म्हणजे काय ते मी सांगायला नको. ऊस तुमचा, घाम तुमचा, ट्रॅक्टरचं भाडं तुमचं, आणि काटा मात्र कारखान्याचा. काट्यावर जो आकडा येईल तो मुकाट घ्यायचा. म्हणून कुठल्याही ऊस आंदोलनात दराइतकाच काट्याचा प्रश्न येतो. हे डोक्यात असू द्या, म्हणजे साउथ वेल्सच्या खाणकामगारांची संघटना कुठून उगवली ते लगेच कळेल.

साउथ वेल्स म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. उत्तरेकडून दक्षिणेकडे समुद्रापर्यंत उतरत जाणारी अरुंद खोरी. ऱ्होंडा हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे मेंढ्या चरायच्या. मग जमिनीखाली बोटींच्या बॉयलरसाठी उत्तम असा कोळसा सापडला. धूर कमी, उष्णता जास्त. ब्रिटिश नौदलाला तो हवा होता, जगभरच्या आगबोटींना हवा होता. कार्डिफहून निघालेला हा कोळसा एडनला, मुंबईला, दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांत जाऊन पडत असे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या बोटी पाहिल्या, त्यातल्या कित्येक वेल्सच्या कोळशावर चालत होत्या. १९१३ साली या एका भागातून ५ कोटी ६० लाख टनांच्या वर कोळसा निघाला आणि सव्वादोन लाखांवर माणसं त्यात काम करत होती.

आता त्यांना पैसे कसे मिळत? इथे जरा सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कोळसा फोडणाऱ्याला महिन्याचा पगार नव्हता. त्याला जमिनीखाली एक जागा नेमून दिलेली असे. हाताखाली एक पोऱ्या, बहुतेक वेळा स्वतःचाच मुलगा. दोघांनी कोळसा फोडायचा, ड्रॅममध्ये म्हणजे रुळांवरच्या डब्यात भरायचा, डब्यावर आपली खूण करायची. डबा वर जायचा आणि तिथे त्याचं वजन व्हायचं. पैसे टनावर, आणि तेही मोठ्या ढेपांचे. बारीक चुरा वेगळा काढण्यासाठी एक चाळणीचं यंत्र होतं. कोळसा त्याच्यावरून घसरत जायचा, चुरा खाली पडायचा आणि तेवढं वजन मजुरीतून वजा. या यंत्राचं नाव होतं 'बिली फेअरप्ले'. म्हणजे आपल्या भाषेत 'न्यायी नाना' म्हणा! खाली पडलेला चुरा मालक फेकून देत नव्हता, तो बाजारात विकत होता. फोडणाऱ्याला मात्र त्याचे पैसे नाहीत.

तर, डबा वर, माणूस खाली. काट्यापाशी मालकाचा माणूस. मग डब्याचं वजन खरं की खोटं हे कुणी बघायचं? १८६०च्या कायद्याने खाणकामगारांना एक हक्क मिळाला. काट्यापाशी आपला एक माणूस उभा करायचा, ज्याने प्रत्येक डब्याचं वजन तपासून आपल्या वहीत लिहायचं. याला चेकवेअर म्हणत. त्याला निवडायचं कामगारांनी आणि त्याचा पगारही द्यायचा कामगारांनी आपसात वर्गणी काढून. त्यामुळे मालकाला त्याला सहज हाकलता येत नसे. तो दिवसभर वर असे, त्याला लिहिता-वाचता येत असे, हिशोब येत असे, आणि खाणीतला प्रत्येक माणूस त्याला ओळखत असे. नोआ ॲब्लेट आणि आर्थर हॉर्नर ही दोन नावं पुढे येणार आहेत. दोघेही मार्डी नावाच्या खाणीवर चेकवेअर होते. तुम्ही या संघटनेचा इतिहास वाचायला लागलात की दर दहा पानांवर एक चेकवेअर भेटतो. संघटनेचं बी काट्यापाशी पडलं असं मी म्हणतो ते यासाठी.

पण १८७५ ते १८९८ हा काळ असा गेला, की संघटनेची गरजच उरू नये अशी सोय करून ठेवलेली होती. तिचं नाव सरकता दर. बाजारात कोळशाचा भाव वर गेला की मजुरी ठरलेल्या प्रमाणात वर, भाव पडला की मजुरी खाली. भांडण नको, संप नको. वरवर पाहिलं तर किती शहाणपणाचं! गोम अशी, की भाव पाडणं मालकांच्याच हातात होतं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला ते दर उतरवत, आणि उतरवलेल्या दराचा मोठा वाटा मजुरीतून आपोआप वसूल होई.

या व्यवस्थेचा कामगारांच्या बाजूचा मोठा माणूस म्हणजे विल्यम अब्राहम. सगळे त्याला 'माबॉन' या वेल्श कविनामाने ओळखत. भला दांडगा, दाढीवाला, चर्चमधला उत्तम गायक. सभेत गोंधळ झाला की भाषण थांबवून हा वेल्श भक्तिगीत सुरू करायचा, आणि हजारो माणसं त्याच्या मागोमाग गायला लागायची. गोंधळ मिटला! १८८५पासून तो ऱ्होंडाचा खासदार होता. त्याने महिन्याचा पहिला सोमवार सुट्टीचा करून घेतला होता, त्या दिवसाला लोक 'माबॉनचा दिवस' म्हणत. त्याच्याबद्दल पुढे फार वाईट लिहिलं गेलं. मला ते सगळंच रास्त वाटत नाही. मालक आणि कामगार यांचं हित एकच आहे असं तो मनापासून मानत होता, आणि त्या समजुतीवर त्याने मिळेल तेवढं मिळवलं.

१८९८ साली कामगारांनी वाढ मागितली. मालकांनी टाळेबंदी केली. एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिने. कामगार हरले, अगदी पुरते हरले. माबॉनचा दिवससुद्धा गेला. पण त्या उपासमारीत एक गोष्ट सगळ्यांना कळली, की खोऱ्याखोऱ्यात वेगवेगळी छोटी मंडळं घेऊन अशा मालकांपुढे उभं राहता येत नाही. ऑक्टोबर १८९८मध्ये साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन स्थापन झालं. लोक त्याला नुसतं 'द फेड' म्हणू लागले. अध्यक्ष कोण? माबॉनच! पराभवातून नवी संघटना झाली आणि तिच्या डोक्यावर जुनाच माणूस बसला. १९०३पर्यंत सरकता दर गेला आणि त्याच्या जागी दोन्ही बाजूंचं सलोखा मंडळ आलं.

फेडची रचना समजून घ्या. प्रत्येक खाणीवर एक शाखा, तिला लॉज म्हणत. लॉजच्या वर जिल्हा. जिल्ह्याला एक पगारी एजंट. एजंट म्हणजे आजच्या भाषेत पूर्णवेळ पदाधिकारी. आणि वरच्या कार्यकारिणीवर बसत ते मुख्यतः हे एजंट. म्हणजे खाली काम करणारा माणूस लॉजमध्ये बोलायचा आणि त्याच्या वतीने मालकाशी तडजोड करायचा तो एजंट. ही फट सुरुवातीला कुणाला जाणवली नाही. ती जाणवली अवघड जागांच्या प्रश्नावर.

अवघड जागा म्हणजे काय? कोळशाचा थर सगळीकडे सारखा नसतो. कुठे मधेच दगडाचा पट्टा येतो, कुठे छत ढासळतं, कुठे गुडघाभर पाणी. माणूस तितकाच राबतो, पण संध्याकाळी टन निम्मे भरतात. अशा जागी काम करणाऱ्याला मॅनेजर थोडे जास्तीचे पैसे द्यायचा. वर्षानुवर्षांचा रिवाज होता तो. पण द्यायचे की नाही, किती द्यायचे, ते मॅनेजरच्या मर्जीवर. १९०८च्या सुमारास न्यायालयानेही सांगून टाकलं, की हे पैसे म्हणजे बक्षिसी आहे, हक्क नाही. आपल्याकडे अवघड जागेच्या दुखण्याची म्हण आहे, ती इथे शब्दशः लागू पडते. कुणाला अवघड जागा द्यायची हेही मॅनेजरच ठरवणार. लॉजमध्ये जास्त बोलणाऱ्याला कुठली जागा मिळत असेल, विचार करा.

१९१०मध्ये हा प्रश्न एका खाणीत फुटला. ऱ्होंडातलं पेनिग्रेग गाव, एली नावाची खाण. मालक डी. ए. थॉमस, ज्याने अनेक कंपन्या एकत्र करून 'कॅम्ब्रियन कंबाइन' उभं केलं होतं. एलीमध्ये नवा थर उघडायचा होता. दर काय? कंपनी म्हणाली, टनाला १ शिलिंग ९ पेन्स. कामगार म्हणाले, या थरात दगड आहे, २ शिलिंग ६ पेन्सशिवाय घर चालणार नाही. कंपनीचा आरोप, की चाचणीच्या काळात तुम्ही मुद्दाम हळू काम केलंत. त्या थरावर होती सत्तरेक माणसं. १ सप्टेंबरला कुलूप लागलं ते खाणीतल्या आठ-नऊशे जणांना. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कंबाइनच्या सगळ्या खाणींतली मिळून सुमारे १२ हजार माणसं संपावर होती. म्हणजे नऊ पेन्सचा वाद आणि १२ हजार घरांच्या चुली बंद.

७ आणि ८ नोव्हेंबरला टोनिपँडी गावात काय झालं ते इंग्लंडच्या इतिहासात 'दंगल' म्हणून नोंदलेलं आहे. एका खाणीपुढे निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, झटापटी झाल्या, सॅम्युअल ऱ्हीस नावाचा खाणकामगार डोक्याला मार लागून मेला. मग जमावाने मुख्य रस्त्यावरची दुकानं फोडली. एक औषधांचं दुकान मात्र शाबूत राहिलं. ते विली लेवेलिनचं, जो वेल्सकडून रग्बी खेळलेला होता. ही गोष्ट लोक हसून सांगतात, पण तिच्यातून एक दिसतं. जमाव आंधळा नव्हता. आपण कुणाच्या दुकानाची काच फोडतो आहोत हे त्याला ठाऊक होतं.

मला आज दंगलीपेक्षा दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. माबॉनने संप सुरू होण्याआधी थॉमसशी बोलून एक दर ठरवून आणला होता. कामगारांनी तो फेटाळला. फेडने मतदान घेऊन ठरवलं, की बाकीच्या खोऱ्यांनी काम चालू ठेवायचं आणि संपकऱ्यांना पैशाची मदत द्यायची. संप दहा महिने चालला. १९११च्या उन्हाळ्याअखेर तो संपला, आणि माणसं परत गेली ती त्याच दरावर, जो माबॉनने वर्षापूर्वी आणला होता. आता तुम्ही सांगा, कोण बरोबर होतं? माबॉनचे लोक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. ऱ्होंडातली तरुण पोरं म्हणाली, आम्ही एकटे पडलो म्हणून हरलो, आणि आम्हाला एकटं पाडलं आमच्याच संघटनेने.

या तरुण पोरांनी १९१२ साली टोनिपँडीतच एक छोटी पुस्तिका छापली. तिच्या नावाचा अर्थ 'खाणकामगारांचं पुढचं पाऊल'. लेखकांची नावं नाहीत, पण मुख्य डोकं नोआ ॲब्लेटचं. खाणीत काम करून ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात जाऊन आलेला माणूस. पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही पुढाऱ्याला तडजोड करण्याची ताकद देता. मग ती ताकद टिकवणं हाच त्याचा धंदा होतो. तुमची शिस्त, तुमचं गप्प राहणं हे त्याचं भांडवल बनतं, कारण त्याच जोरावर तो मालकासमोर खुर्ची मिळवतो. म्हणून पगारी पदाधिकाऱ्याला कार्यकारिणीवर बसू देऊ नका. खाली काम करणारी माणसंच तिथे पाठवा. प्रत्येक मोठा निर्णय लॉजकडे परत आला पाहिजे. आणि शेवटी खाणी सरकारने घ्याव्यात असंही मागू नका, कारण मग फक्त मालक बदलेल. खाणी त्यात राबणाऱ्यांच्या ताब्यात यायला हव्यात.

मला ही पुस्तिका अर्धी पटते. पुढारी कसा बनत जातो याचं इतकं नेमकं निदान मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. पण दहा तास दगड फोडून आलेला माणूस दर आठवड्याला सभेला येईल, ठराव वाचेल, मत देईल, हे तिने गृहीत धरलं आहे. ज्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेची गणसंख्या जमवली आहे त्यांना विचारा!

त्याच १९१२मध्ये देशभरातले जवळजवळ १० लाख खाणकामगार किमान वेतनासाठी संपावर गेले आणि संसदेला कायदा करावा लागला. कायद्यात आकडा घातला नाही, तो जिल्हा मंडळांवर सोडला. तरी अवघड जागेतल्या माणसाला अमुक इतकं तरी मिळालंच पाहिजे हे तत्त्व मान्य झालं. ज्या मागणीपायी टोनिपँडी उपाशी राहिलं ती देशाच्या कायद्यात आली. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९१३ला, सेंघेनिद इथल्या खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार मेले. ब्रिटनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा खाण अपघात. याच खाणीत १९०१ सालीही स्फोट होऊन ८१ माणसं गेली होती. खटला झाला, मॅनेजरला २४ पौंड दंड. एका माणसाचे किती झाले त्याचा हिशोब तेव्हाच्या एका वर्तमानपत्राने मांडला होता. शिलिंगभर आणि वर एखादा पेनी.

पहिलं महायुद्ध मी झटक्यात ओलांडतो. एवढंच सांगतो, की १९१५मध्ये संपावर बंदी असताना साउथ वेल्सचे दोन लाख कामगार संपावर गेले आणि सरकारला आठवडाभरात ऐकावं लागलं. नौदलाच्या बोटी त्यांच्या कोळशावर चालत होत्या ना.

युद्ध संपलं आणि पारडं फिरलं. जगभर जहाजं तेलावर चालू लागली. १९२५मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना पौंड पुन्हा सोन्याला जुन्या दराने बांधला गेला, त्यामुळे ब्रिटिश कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. साउथ वेल्स सगळ्यात जास्त निर्यात करणारा भाग, म्हणून मार त्यालाच सगळ्यात जास्त. मालकांनी मजुरी कमी आणि तास जास्त मागितले. १९२६च्या मे महिन्यात देशभर सार्वत्रिक संप झाला, नऊ दिवसांत इतर संघटनांनी तो मागे घेतला, आणि खाणकामगार एकटे उरले. तेव्हा अखिल ब्रिटन फेडरेशनचा सरचिटणीस होता ए. जे. कुक, ऱ्होंडातलाच माणूस. सात महिने टाळेबंदी चालली. शेवटी कमी मजुरी आणि जास्त तास मान्य करून लोक खाली उतरले.

यानंतरची दहा वर्षं माझ्या मते फेडच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची. लढाऊ माणसांना काम मिळेना. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वेल्समधून चार लाखांहून जास्त लोक पोटासाठी बाहेर गेले. फेडची सभासदसंख्या निम्म्याहून खाली आली. आणि काही खाणींवर मालकांच्या आशीर्वादाने दुसरी संघटना उभी राहिली. साउथ वेल्स मायनर्स इंडस्ट्रियल युनियन. काम हवं तर हिचे सभासद व्हा. वर्गणीची चिंता नको, ती पगारातूनच कापून घेतली जाईल. फेडचा कार्यकर्ता खाणीच्या दारात उभा राहून पेनी-पेनी गोळा करतोय आणि पलीकडे ही सोय. विचित्र गोष्ट बघा, ॲब्लेटने विचारलेला प्रश्न आता उलट्या बाजूने आला. संघटना कुणाची? तिथे उत्तर स्पष्ट होतं, मालकाची.

तिच्याविरुद्ध संप करून उपयोग नव्हता. तुम्ही वर बसलात की कंपनी पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेरून माणसं आणायची. मग ऑक्टोबर १९३५मध्ये नाइन माइल पॉइंट खाणीतल्या लोकांनी वेगळंच केलं. पाळी संपली आणि ते वर आलेच नाहीत. खालीच बसले. आम्ही खाली आहोत तोवर आमच्या जागी दुसऱ्याला कसा उतरवाल? आठवडाभर ते अंधारात, थंडीत, घोड्यांच्या आणि उंदरांच्या संगतीत बसून राहिले. वरून जेवण येत होतं. बातमी पसरली तशी दुसऱ्या खाणींतली माणसंही खाली बसू लागली. कार्यकारिणीने असा आदेश काढलेला नव्हता, ही कल्पना लॉजची. त्या आठवड्याने मालकांच्या संघटनेचा कणा मोडला असं म्हणायला हरकत नाही. पुढे मतदान, वाटाघाटी वगैरे होऊन १९३८पर्यंत ती संपली.

याच सुमारास, १९३४मध्ये, फेडने आपली घटना बदलली. एजंटांच्या जागी कार्यकारिणीवर प्रत्यक्ष खाणीत काम करणारी माणसं निवडून जाऊ लागली. म्हणजे १९१२च्या त्या पुस्तिकेतली एक मागणी बावीस वर्षांनी अमलात आली. आणि १९३६ला अध्यक्ष झाला आर्थर हॉर्नर. कम्युनिस्ट, पहिल्या महायुद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेला. त्याचं मार्डीचं लॉज इतकं बंडखोर, की १९३०मध्ये फेडनेच त्याला बाहेर काढलं होतं. हा माणूस अध्यक्ष झाल्यावर काय सांगू लागला? करार केलाय तर पाळा, प्रत्येक लॉजने मनाला येईल तेव्हा संप करायचा नाही! ॲब्लेटची पुस्तिका वाचून वाढलेल्या पिढीचा हा माणूस. मी याला दुटप्पीपणा म्हणणार नाही. लाखभर माणसांच्या वतीने एकदा शब्द दिला की तो पाळून दाखवावा लागतो, हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

संघटना म्हणजे फक्त संप नव्हे. फेडच्या रोजच्या कामाचा मोठा भाग नुकसानभरपाईचा होता. धुळीने फुप्फुसं निकामी झालेला माणूस धापा टाकत लॉजच्या दारात यायचा. १९२९च्या योजनेखाली भरपाई हवी, तर त्याने ठरावीक प्रमाणात सिलिका असलेला दगड फोडला होता हे सिद्ध करावं लागे. ज्याने आयुष्यभर कोळसा फोडला त्याने काय करायचं? संघटनेने वर्षानुवर्षं दगडाचे नमुने, डॉक्टरांचे दाखले गोळा करत हे भांडण चालवलं. शेवटी सरकारी वैद्यकीय संशोधनाने निव्वळ कोळशाची धूळसुद्धा मारते हे मान्य केलं आणि १९४३मध्ये त्या आजारालाही भरपाई लागू झाली. आणि वाचनालयं. पगारातून पौंडामागे एखादा पेनी वळता करून खोऱ्याखोऱ्यात कामगारांनी वाचनालयं आणि सभागृहं बांधली. ट्रेडिगरच्या अशाच वाचनालयात अनायरिन बेव्हन नावाचा मुलगा वाचत मोठा झाला. तेराव्या वर्षी खाणीत गेलेला, फेडच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेला, फेडच्याच पाठिंब्यावर खासदार झालेला. त्याच गावात कामगारांची वैद्यकीय मदत सोसायटी होती. दर आठवड्याला वर्गणी द्या आणि डॉक्टर मोफत. जुलै १९४८मध्ये आरोग्यमंत्री म्हणून बेव्हनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा तिचा नमुना त्याने लहानपणी घराच्या शेजारी पाहिलेला होता.

१९४५मध्ये फेड राष्ट्रीय संघटनेत विलीन झालं आणि तिचा साउथ वेल्स विभाग बनलं. १९४७ला खाणी सरकारच्या झाल्या. लोकांनी बँड वाजवले, झेंडे चढवले. पण एकेक करून खाणी बंद होत गेल्या आणि बंद करणारा मालक आता सरकार होतं. पुस्तिकेने नेमकं हेच सांगितलं होतं.

१९८४च्या संपाची एकच गोष्ट सांगतो. मार्चमध्ये साउथ वेल्सच्या बहुतेक लॉजनी संपाच्या विरोधात मत दिलं होतं. तरी एकदा सुरुवात झाल्यावर ते सगळे बाहेर पडले, आणि वर्षभरानंतर संप कोसळला तेव्हा इथले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक अजून संपावर होते. देशात सगळ्यात भक्कम. नको म्हणणारेच शेवटपर्यंत उभे राहिले. मार्च १९८५मध्ये मार्डीची माणसं बँड वाजवत, झेंडा पुढे घेऊन पहाटे खाणीवर परत गेली. १९९०ला ती खाणही बंद झाली.

उरली होती टॉवर कोलियरी. १९९४ला तिलाही परवडत नाही म्हणून कुलूप लावलं. तेव्हा लॉजचा सचिव टायरोन ओसलिव्हन आणि त्याचे सोबती, एकूण २३९ जण, यांनी नोकरी सुटल्याच्या पैशातून प्रत्येकी ८ हजार पौंड घातले आणि खाणच विकत घेतली. २ जानेवारी १९९५ला ती पुन्हा सुरू झाली. न परवडणारी खाण त्यांनी नफ्यात चालवली. खाणी राबणाऱ्यांच्या ताब्यात, हे ॲब्लेटने लिहिलं १९१२मध्ये. ते घडलं तेव्हा अख्ख्या साउथ वेल्समध्ये खोल खाण म्हणावी अशी ती जवळजवळ एकटीच राहिली होती. तेरा वर्षं चालली. काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून जानेवारी २००८मध्ये बंद झाली, कुणी बंद पाडली म्हणून नव्हे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: टोनिपँडीत चर्चिलने गोळीबार करायला लावला असं ऐकलंय, ते खरं का?

उत्तर: नाही. चर्चिल तेव्हा गृहमंत्री होता. त्याने आधी सैन्य वाटेत थांबवलं आणि लंडनचे पोलीस पाठवले, नंतर सैन्यही खोऱ्यात आलं आणि बराच काळ राहिलं. पण टोनिपँडीत गोळी सुटली नाही. गोळी सुटली पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९११मध्ये, लानेली गावात, रेल्वे संपाच्या वेळी. तिथे सैनिकांच्या गोळीने दोन जण मेले. लोकांच्या आठवणीत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. तरी ऱ्होंडात चर्चिलचं नाव घेतल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडायच्या त्या गोळीमुळे नव्हेत. संगिनींच्या पहाऱ्यात हरावं लागलं, त्यामुळे.

प्रश्न: मुंबईच्या गिरणी संपाशी तुलना करता येईल?

उत्तर: काळ जवळचा आहे. आपला १९८२चा, त्यांचा १९८४चा. दोन्हीकडे संप मागे घेण्याची धड घोषणा न होता माणसं विरघळत गेली असं काही जण म्हणतात, पण साउथ वेल्सबाबत ते खरं नाही. तिथे एकत्र परत जायचं हे परिषदेत ठरवून गेले. मला साम्य दिसतं ते १९३५शी. मुंबईत कायद्याने एका धंद्यात एकाच संघटनेला मान्यता होती, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार दत्ता सामंतांच्या मागे आणि वाटाघाटीचा हक्क दुसऱ्याकडे. लोकांचा विश्वास एका संघटनेवर आणि मान्यता दुसरीला, ही गाठ मुंबईत शेवटपर्यंत सुटली नाही.

प्रश्न: या सगळ्यात बायका कुठे होत्या?

उत्तर: बरं झालं विचारलंत. १८४२च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बायकांना खाणीत खाली उतरायला बंदी झाली, त्यामुळे त्या फेडच्या सभासद नव्हत्या. पण खाणीचं अर्धं काम घरात होई. घरात तीन-चार पुरुष, वेगवेगळ्या पाळ्या, प्रत्येकाला आल्यावर अंघोळीला गरम पाणी. पत्र्याचं टब, चुलीवरची मोठाली पातेली, दिवसातून तीन वेळा. एलिझाबेथ अँड्र्यूज या ऱ्होंडातल्या बाईंनी १९१९मध्ये सरकारी कोळसा आयोगापुढे साक्ष दिली, की पाण्याची ही ओझी उचलून बायकांचे गर्भपात होतात, लहान मुलं उकळत्या पाण्याने भाजतात. मागणी साधी होती. खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरं बांधा, माणूस स्वच्छ होऊन घरी येऊ दे. गंमत म्हणजे काही खाणींवर पुरुषांनीच मतदानात ही न्हाणीघरं नाकारली. कुणाला चारचौघांत कपडे काढायची लाज, कुणाला पाठ धुतली की कणा कमजोर होतो ही जुनी समजूत, कुणाला आठवड्याला काही पेनी जातील ही काळजी. त्या मतदानात बायकांना मत नव्हतं.